चौघांचा तंबू

तंबू घ्यायचा, हे ठरून दीड वर्ष झालं.
कधी आणि कुठून, एवढंच राहिलंय.

उन्हाळ्यात नको. लातूरचं ऊन
कापडाला विचारत नाही आत कोण आहे.
पावसाळ्यात काळी माती
पायातली चप्पल परत देत नाही,
खुंट्या काय देणार.
दिवाळीला भाव चढतात की उतरतात,
बँकेतल्या दोघी दोन्हीकडून सांगतात.
उरला पौष, हुरड्याचे दिवस.
भावाचं रान औशाच्या अलीकडे, बांधावर बोरी.
तिथे दोन रात्री, असं मी ठरवलंय.
विश्वंभर म्हणतो, बघू.

मोबाइलवर तंबू चौदाशेपासून चौदा हजारांपर्यंत.
प्रत्येकासमोर एक गोरं कुटुंब, एक कुत्रा,
आणि मागे असं हिरवं गवत
जे आमच्याकडे फक्त रंगपेटीत असतं.
ओजस म्हणतो निळा. मृण्मयी म्हणते खिडकीचा.
पुण्यात मोठं दुकान आहे, आत बसून बघता येतं.
पुणं बरं की हैदराबाद, यावर
एक रविवार गेला.
विश्वंभर म्हणतो, पुढच्या पगाराला बघू.

मला वाटायचं पैसा.
मग वाटलं आळस.

सासूबाई शेंगा फोडत होत्या.
"किती मान्सांचा म्हनलीस?"
चौघांचा.
"आमी नऊ जन होतो एकात.
सरकारनं दिल्ता. फुकट."
आणि दाणे ताटलीऐवजी टरफलांत टाकत राहिल्या,
बराच वेळ.

गणपती बुडवून गाव झोपलं होतं, त्या रात्री
विश्वंभर सहा वर्षांचा होता.
हे मला लग्नाआधीच माहीत होतं,
जसा रक्तगट माहीत असतो.
पण तो बारा वर्षं दाराकडे तोंड करून झोपतो,
कडी लावत नाही, नुसतं लोटून घेतो,
हे मी उकाड्याच्या खात्यावर जमा करत आले.

काल गंजगोलाईत गेलो, पोरांच्या वह्यांसाठी.
बसलिंगप्पा ताडपत्रीवाल्यांच्या मागच्या गोदामात
कनातींच्या ढिगाशेजारी एक तंबू उभा.
निळा नाही. खिडकी तळहाताएवढी.
कुठल्याशा शाळेच्या सहलीतून उरलेला.
पोरं आत घुसली, विश्वंभर बाहेर,
कापड दोन बोटांत धरून,
पोराच्या कपाळाचा ताप बघावा तसा.
बसलिंगप्पा काड्या वाकवून दाखवत होते,
"सायब, वादळातबी हलनार न्हाई."
त्याने एकच विचारलं,
चेन आतून उघडते का?
अंधारात? एका हाताने?

बसलिंगप्पांच्या हातातली काडी तशीच राहिली, वाकलेली.
ते किल्लारीकडचे नाहीत. पण लातूरचे आहेत.
"करून बघा," एवढंच म्हणाले,
आणि गोदामाचा दिवा त्यांनी स्वतः बंद केला.

मी वह्यांची पिशवी धरून काळोखात.
आत सळसळ. "बाबा, तो माझा पाय!"
मग चेनचा आवाज, एका दमात, वरपासून खालपर्यंत.
मग लावल्याचा.
पुन्हा उघडल्याचा.
किती वेळा, मी मोजलं नाही.
पैसे मोजणं हा माझा धंदा आहे, तरी.

घेतला नाही अजून.
बसलिंगप्पांनी बाजूला काढून ठेवलाय, इसार न घेता.
आज सकाळी विश्वंभर गच्चीवर पावलं मोजत होता,
टाकीपासून कठड्यापर्यंत.
म्हणाला, आधी इथे झोपून बघू.
खुंट्या स्लॅबात जाणार नाहीत, विटांना बांधू.
आणि मग खाली वाकून, मोठ्याने,
"आई, तू येतीस का गं?"

"मी कशाला मरायला त्या पिशवीत,"
अंगणातून आवाज आला.
मग सुपाचा आवाज, बराच वेळ.
मग,
"दार कुन्या अंगाला हाय रे त्याचं?"